एकोणपन्नास दिवसांची गाडी

गेल्या वर्षी मी एक गाडी बुक केली. उंच, चारही चाकांना ताकद देणारी, चिखलात-खडकात चालणारी. कोणत्या कंपनीची, ते सोडा. ॲपवर लिहिलं होतं : अंदाजे प्रतीक्षा ११ महिने. तेव्हापासून रोज सकाळी स्टँड-अप मीटिंगच्या आधी मी तो आकडा बघतो.

गंमत अशी, की या गाड्यांचा मूळ पुरुष प्रचंड घाईत जन्मला. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनीने फ्रान्स जिंकला आणि अमेरिकन सैन्याला हलकी, कुठेही जाणारी गाडी तातडीने हवी झाली. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. पहिला नमुना द्यायची मुदत होती फक्त ४९ दिवस. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीने ती पाळली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पण बँटमचा कारखाना लहान, म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्डला मिळालं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

त्याच सुमाराला, २ ऑक्टोबर १९४५ ला, लुधियान्यात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलीजच्या जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईत यायचे आणि माझगावात जोडले जायचे.

ही जीप हौसेची नव्हती. ती पोलिसांची, वनखात्याची, निवडणुकीच्या प्रचाराची. माझे आजोबा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. कोयनेच्या खोऱ्यात त्यांनी आयुष्यभर जीप चालवली. "चावी आपल्याकडे, गाडी सरकारची," असं ते अजून म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात एकच वाहन लागलं, स्कूटर. नोंदणी केल्यावर आठ वर्षांनी.

ती आठ वर्षं कुठे गेली? रांगेचं गणित आम्ही ऑफिसात रोज करतो. रिक्वेस्ट जास्त आणि सर्व्हर कमी असले की रांग वाढते. उपाय सोपा : सर्व्हर वाढवा. पण १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कुणी किती माल काढायचा, हे दिल्लीच्या परवान्यावर ठरायचं. मागणी दिसत असूनही कारखान्याला मनाने उत्पादन वाढवता येत नसे. त्यामुळे रांगेतला नंबर हीच एक मालमत्ता झाली. १९८३ मध्ये मारुती आली, तेव्हा लोकांनी दहा-दहा हजार भरून नंबर लावले होते. मोटारींवरचं परवान्याचं बंधन १९९३ मध्ये उठलं.

मग आता रांग कशाची? ३ ऑक्टोबर २०२४ ला थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासाभरात १,७६,२१८ नोंदण्या झाल्या. दिल्लीने कुणाला अडवलं नव्हतं. नव्या गाडीची उत्पादन लाइन हळूहळूच वेग घेते, आणि २०२१ मध्ये तर चिप नाहीत म्हणून जगभर कारखाने थांबले होते. बँटमच्या गाडीत एकही चिप नव्हती. शिवाय बुकिंगचे पैसे बहुधा परत मिळतात, म्हणून मन पक्कं नसलेलेही रांगेत उभे राहतात. आजोबांची रांग टंचाईची होती, माझी हौसेची आहे. म्हणून मला तक्रार करायची थोडी लाज वाटते.

तरी एक फरक आहे. नंबर लावला तेव्हा आजोबा पस्तिशीत होते, आठ वर्षं त्यांना परवडली. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "आली का रे?" स्कूटरसाठी त्यांनी एवढी विचारपूस कधी केली नव्हती, असं आजी सांगते.

त्यांचे गुडघे दुखतात आणि गाडी उंच आहे. म्हणून मी चढायला बाजूची पायरी वेगळी मागवली. ती तीन दिवसांत घरी आली. खोक्यासकट दाराशी उभी आहे.