१ जुलै २०१२ : सह्याद्री जागतिक वारसा यादीत

युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने सेंट पीटर्सबर्ग येथील अधिवेशनात १ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांचा नैसर्गिक वारसा म्हणून एकत्रित समावेश केला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी आहेत. त्याच्या कितीतरी आधी मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांच्यासह १८६१ मध्ये या इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कासच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, मातीचा थर अत्यंत पातळ असूनही कीटकभक्षी दवबिंदू तग धरतो आणि टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. सह्याद्रीचीच शाखा असलेल्या बालाघाटातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य धाराशिव जिल्ह्यात असून ते या यादीबाहेर आहे.