टोपीवरचा पक्षी, फांदीवरचा पक्षी

फेब्रुवारी १८८६. मॅनहॅटनमधल्या मोठमोठ्या दुकानांच्या रस्त्यावर दुपारची गर्दी आहे आणि तुम्ही पदपथाच्या कडेला अंग चोरून उभे आहात. थंडीने कान बधिर झालेत. घोडे जुंपलेल्या ट्रामगाड्या खडखडत जातात. त्यांच्या मागे लिदीतले दाणे टिपायला एक थवा उतरतो आणि तुमच्या पायाशी चिवचिवाट सुरू होतो. हा आवाज तुम्ही झोपेतही ओळखाल. चिमणीच ती, आपल्या वळचणीची. युरोपातून आणून १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये मुद्दाम सोडली आणि इथलीच झाली. पारवे सोडले तर या रस्त्यावर जिवंत पक्षी दुसरा दिसत नाही.

बाकीचे सगळे बायकांच्या टोप्यांवर आहेत.

शेजारी उभा असलेला तरुण त्या टोप्यांकडेच टक लावून बघतोय. फ्रँक चॅपमन, वय २१, बँकेत नोकरी, आणि जीव सगळा पक्ष्यांत. दोन दुपारी तो असा हिंडला आणि त्याने ७०० टोप्या मोजल्या. ५४२ टोप्यांवर पिसं होती. नुसती पिसंच नव्हेत, कितीतरी टोप्यांवर पेंढा भरलेले अख्खे पक्षी होते. त्यांतल्या ४० जाती त्याने नावानिशी ओळखल्या.

ओळखायचं कसं, ते इथेच शिकून घ्या. ती करड्या झग्यातली बाई जवळ येतेय. तिच्या टोपीवरचा पक्षी नीट बघा: रेशमासारखा तुकतुकीत बदामी रंग, डोक्यावर मागे वळलेला तुरा, डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा, शेपटीच्या टोकाला पिवळी किनार. आता पंखाकडे बघा. काही पिसांच्या टोकांना लाखेचा बारीकसा थेंब सुकून राहावा तसे लालभडक ठिपके आहेत. हा सीडर वॅक्सविंग. चॅपमनच्या यादीत असे २३ आहेत. पुढच्या टोपीवर छातीवर काळी चंद्रकोर आणि पंखांच्या खाली सोनपिवळा रंग असलेला सुतारपक्षी आहे, फ्लिकर. ते २१. निळी-पांढरी, तुरेवाली ब्लू जे, ५. रॉबिन ४, बाल्टिमोर ओरिओल ९.

हे सगळं तुम्ही हाताच्या अंतरावरून बघता. इतक्या जवळून जिवंत वॅक्सविंग तुम्हाला जन्मात दिसणार नाही. पण आता डोळे मिटा. चाकांचा खडखडाट, चाबकाचा आवाज, चिमण्या. ४० जाती डोक्यावरून गेल्या आणि एकीचाही आवाज आला नाही. पक्ष्याची निम्मी ओळख त्याच्या गळ्यात असते. ती टोपीवाल्याच्या कारखान्यात कधी पोचतच नाही, आणि ही टोपी विकत घेणाऱ्या बाईने ती कधी ऐकलेलीही नसते. मला तर वाटतं, टोप्यांचा हा बाजार चालला तो निम्म्याहून अधिक या न ऐकण्यावर.

चॅपमनची यादी 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकात छापून आली. याच फेब्रुवारीत त्याचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी पक्ष्यांसाठी ऑडुबॉन सोसायटी काढायची हाक दिली. पण आवाज ऐकायचा तर तुम्हाला शहर सोडायला हवं.

मे १८८६. मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थॅम्प्टन गाव, उजाडायच्या सुमाराची वेळ. दवाने चपला भिजल्यात. स्मिथ कॉलेजच्या मुली लांब झगे सावरत मिल नदीच्या काठच्या झाडीत शिरताहेत. या वसंतात निसर्गलेखक जॉन बरोज इथे येऊन त्यांना रानात फिरवून गेलेत. आज पुढे आहेत फ्लॉरेन्स मेरियम, वय २२. हातात बंदूक नाही, हे आधी लक्षात घ्या. या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी पाडायचा, मग हातात घेऊन पिसं तपासायची, असा रिवाज आहे. मेरियम यांच्या हातात नाटक बघायची छोटी दुर्बीण आहे, जेमतेम तीनपट मोठं दाखवणारी.

त्यांनी आणि त्यांची मैत्रीण फॅनी हार्डी हिने कॉलेजात ऑडुबॉन सोसायटी स्थापन केली आहे. मुलींना टोप्यांवरून उपदेश करायचा नाही, हे त्यांचं ठरलंय. मुलींना पक्ष्यांपर्यंत न्यायचं. एकदा ओळख झाली की पिसं आपोआप उतरतील. मला हा विचार आजही थोर वाटतो.

त्या तुम्हाला खुणेने थांबवतात. कपडे मळखाऊ हवेत, ऊन पाठीशी हवं, पावलं सावकाश. मग बोट गवताकडे. रॉबिन. राखाडी पाठ, विटकरी छाती, पिवळी चोच. चार पावलं धावतो, थबकतो, मान तिरकी करतो, पुन्हा धावतो. नाव रॉबिन असलं तरी हा कस्तुराच्या कुळातला आहे, चिमणीपेक्षा चांगलाच मोठा. त्याचा आकार डोळ्यांत पक्का बसवा, कारण मेरियम यांची मोजपट्टी तीच आहे: नवा पक्षी रॉबिनएवढा, त्याहून लहान की मोठा? गाणंही तसंच पक्कं करा. गोल, भरलेल्या शिट्ट्या, दोन-तीन चढत्या, दोन-तीन उतरत्या, मध्ये श्वास घेण्याइतकी विश्रांती, की पुन्हा तेच.

डोक्यावरच्या फांदीत चिमणीहून लहान पक्षी उलटासुलटा लोंबकळतोय. काळी टोपी, काळी हनुवटी, मधे पांढरे गाल. तो आपलं नाव स्वतःच सांगतो: चिक-अ-डी-डी-डी. शेवटचे 'डी' मोजा. लहान, चपळ घुबडासारखा जिवावर उठणारा शत्रू जवळ असला की ते वाढतात. हे मात्र इथे कुणाला ठाऊक नाही, शास्त्रज्ञ ते २००५ मध्ये सांगतील.

इतक्यात वाळक्या झाडाकडून 'विक-विक-विक-विक' अशी लांबलचक हाक येते, आणि पायवाटेवर मुंग्या टिपणारा दुसरा पक्षी भुर्रकन उठतो. कमरेवर पांढराशुभ्र डाग. पंख उघडले की सोनं, मिटले की तपकिरी. फ्लिकर! टोपीवर तो पिवळा रंग कायमचा उघडा पडला होता. इथे तो क्षणभर दिसतो, जातो, पुन्हा दिसतो, आणि याच लपाछपीवरून तुम्ही यापुढे त्याला दूरवरूनही ओळखाल.

सफरचंदाच्या बहरात वॅक्सविंगचा थवा बसलाय. पाकळ्या खाताहेत. एकाने पाकळी तोडली आणि शेजाऱ्याच्या चोचीत दिली. याला धड गाणं असं नाहीच. फक्त एक अतिशय बारीक 'स्रीऽऽ', इतका वरच्या पट्टीतला की उतारवयातल्या कानांना तो बहुधा लागत नाही. तुम्हाला ऐकू आला असेल तर नशीबवान आहात.

झाडी दाट होते आणि आता नजरेचा उपयोग संपतो. जमिनीलगत कुठूनतरी दोन अक्षरी घोष उठतो, आधी हळू, मग चढत चढत जंगल दणाणून टाकणारा. हा ओव्हनबर्ड. पाठ शेवाळी, डोक्यावर नारिंगी रेघ, छातीवर काळ्या रेषा, पण आज तो दिसणार नाही. बरोज यांनी त्याच्या सुरावर 'टीचर, टीचर, टीचर' असे शब्द बसवून दिलेत आणि सगळं न्यू इंग्लंड त्याला त्यावरूनच ओळखतं. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे ज्याच्या कानावर लहानपणीच पडलंय, त्याला ही युक्ती समजावून सांगायला नको. शब्द एकदा बसले की पक्षी विसरत नाही.

कशाचा आवाज येत नाही, तेही ध्यानात घ्या. युरोपी साळुंक्या, म्हणजे स्टार्लिंग, इथे नाहीत. त्यांचे साठेक पक्षी १८९० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडले जातील. लालभडक कार्डिनल अजून इतक्या उत्तरेला सरकलेला नाही. आणि प्रवासी कबुतरं अजून पृथ्वीवर आहेत. त्यांतली शेवटची, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी जाईल.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १८८९ मध्ये मेरियम यांचं 'बर्ड्स थ्रू अ‍ॅन ऑपेरा-ग्लास' निघतं, पक्षी न मारता ओळखायला शिकवणारं. १९०० च्या नाताळात चॅपमन शिकारीऐवजी पक्षिगणनेचा पायंडा पाडतो, आणि ती गणना आजतागायत चालू आहे. १९१८ च्या कायद्याने स्थलांतरी पक्षी विनापरवाना मारणं आणि विकणं गुन्हा ठरतं.

१८ मे १९२९. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका, केयुगा सरोवराच्या दक्षिण टोकाची बाग. कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अ‍ॅलन उभे आहेत आणि सोबत बोलपटांचं ध्वनिमुद्रण यंत्र आहे. मायक्रोफोन झाडाजवळ ठेवलाय. उत्तर अमेरिकेतल्या रानपक्ष्यांचा आवाज आज पहिल्यांदा फिल्मवर उतरणार आहे. कुणी बोलू नये.

झुडपातून तीन स्वच्छ सूर, मग गुंतागुंतीची थरथर. छातीवरच्या रेषांच्या मध्यभागी गडद ठिपका दिसतो: साँग स्पॅरो. मग शेपूट ताठ उभारलेला इवलासा तपकिरी हाउस रेन, न थांबता खळखळणारा.

आणि वरच्या फांदीतून गोल, भरलेल्या शिट्ट्या. रॉबिन, तुम्ही मनात म्हणता. पण थांबा. चढ-उतार तोच, तरी सूर जास्त गोड, घोळवलेला, आणि मधल्या विश्रांती गायब. मग गाण्यातून एकदम वेगळी निघालेली तीक्ष्ण 'चिंक'. ती रॉबिनची नाही. मान वर करा. जाड फिकी चोच, काळं डोकं, पांढऱ्या छातीवर गुलाबी-लाल त्रिकोण. रोझ-ब्रेस्टेड ग्रोसबीक. आजच्या मुद्रणातला तिसरा पक्षी, आणि तुम्ही तो दिसायच्या आधी कानांनी वेगळा काढलात.