चोवीसशें गांवचे संच आणि त्यांचे तंत्रज्ञ

शाळेंत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्यामागोमाग एका माणसाची गरजही येते. ती म्हणजे तें यंत्र चालतें ठेवणाऱ्या माणसाची. यंत्र विकत घेतांना ही दुसरी गरज बहुधा ध्यानांत येत नाहीं. ती आरंभींच ओळखून आंखलेल्या एका प्रयोगाचा इतिहास श्रोत्यांनीं अवश्य ऐकावा असा आहे.

यंत्रानें चित्रें दाखविणें महाराष्ट्रास जुनेंच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ सालापासून 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ केले. चित्रें करणारे व दाखविणारे एकाच घरचे. त्यामुळें यंत्र अडलें तर जाणता माणूस जवळच असे. दूरचित्रवाणी आली तेव्हां ही स्थिति पालटली. पाठ एका शहरीं तयार व्हावा, तो शेंकडों कोस दूरच्या खेड्यांत दिसावा, आणि तेथें मात्र यंत्राचें अंतरंग जाणणारा कोणी नसावा, असा प्रसंग उभा राहिला.

तो भारतांत मोठ्या प्रमाणावर आला 'साइट' या उपग्रह-प्रयोगांत. त्यामागें डॉ. विक्रम साराभाई यांची दृष्टि होती. भारताचें अणुशक्ति खातें आणि अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यांत १९६९ सालीं करार झाला. साराभाई १९७१ सालीं निवर्तले, परंतु कार्य थांबलें नाहीं. १ ऑगस्ट १९७५ रोजीं कार्यक्रम सुरू झाले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार व ओरिसा या ६ राज्यांतील २० जिल्ह्यांत सुमारें २४०० गांवीं संच बसविण्यांत आले. सकाळीं दीड तास शाळेच्या मुलांसाठीं आणि सायंकाळीं अडीच तास सर्व ग्रामस्थांसाठीं कार्यक्रम होत. प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस हे जन्मानें कोल्हापूरचे.

आतां यंत्राची रचना पाहूं. एटीएस-६ हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६००० किलोमीटर उंचीवर, ३५ अंश पूर्व रेखांशाजवळ होता. भारतांतून तो पश्चिमेकडे, किंचित् नैर्ऋत्येस येई. त्याच्या लहरी झेलण्यासाठीं खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची, ३ मीटर रुंदीची, परातीच्या आकाराची छत्री त्या दिशेस रोखलेली असे. जाळीस भोंकें असूनही लहरी गळून जात नसत. कारण लहरीची लांबी सुमारें ३५ सेंटीमीटर, आणि भोंकें तिच्या मानानें फारच लहान. परंतु ही लहर साध्या संचास उमगणारी नसे. ती पालटून देणारी पेटी छत्री व संच यांच्यामध्यें जोडावी लागे.

या सांखळींतील एक कडी निसटली तरी पडदा कोरा. वाऱ्यानें छत्रीचें तोंड ढळावें, पावसाचें पाणी तारेच्या जोडांत शिरावें, विजेचा दाब एकाएकीं वरखालीं व्हावा, एवढेंही पुरे. संच सुरू व बंद करण्यासाठीं गांवांतच एक माणूस नेमलेला असे, पण दुरुस्ती त्याच्या आवांक्याबाहेरची. त्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत दुरुस्तीचीं केंद्रें उभारलीं होतीं. तेथील तंत्रज्ञानें कच्च्या रस्त्यानें गांव गांठावें, आणि दोष छत्रीचा, पेटीचा कीं संचाचा, हें एकेक टप्पा तपासून ठरवावें, असा क्रम होता.

या घाईचें कारण समजून घेतलें पाहिजे. फळा फुटला तर शिक्षक तोंडानें शिकवितो, पुस्तक हरवलें तर दुसरें मिळतें. संच बंद पडला तर मात्र त्या सकाळचा पाठ गेला तो गेलाच. आकाशांतून येऊन गेलेला कार्यक्रम खेड्यास पुन्हां मागतां येत नसे. गांवकरी दोनचार सायंकाळीं कोऱ्या पडद्यापुढून उठून गेले कीं त्यांचा उत्साहही मावळणार. शिक्षणाची ही सारी योजना शेवटीं त्या तंत्रज्ञाच्या वेळेवर येण्यावर टेकलेली होती.

प्रयोग ३१ जुलै १९७६ रोजीं संपला आणि उपग्रह अमेरिकेनें परत नेला. १९७७ पासून जयपूर, रायपूर इत्यादि ठिकाणीं जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रें निघालीं, व त्यांपैकीं कांहीं गांवांना पुन्हां चित्र दिसूं लागलें. १९८३ सालीं इन्सॅट-१बी हा उपग्रह आला, आणि शाळांना संच देण्याचें काम वाढत गेलें. संच वाढले त्या मानानें दुरुस्तीची व्यवस्था मात्र वाढली नाहीं. अनेक शाळांत ते बंद स्थितींत पडून राहिले. शाळेच्या खर्चपत्रकांत यंत्राच्या किंमतीशेजारीं तें सांभाळणाऱ्या माणसाचें वेतनही मांडलें जावें, हा साइटच्या एका वर्षाचा धडा. तो जेथें विसरला जातो तेथें मुलांच्या वांट्यास यंत्र येतें, पाठ येत नाहीं.