रक्ताची साक्ष आणि वहीतली ओळ

मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीने होतो. नाताळपूर्व दिवसांत ती मिस्सेत वाचली जाते, तेव्हा नावांमागून येणारी नावे ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांचे लक्ष विचलित होते. परंतु ज्या समाजाला स्वतःची वंशावळ सांगता येत नाही, त्याने ते वाचन जरा अधिक लक्षपूर्वक ऐकावे असे आम्हांस वाटते. हर्सूल परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांची परंपरा आजोबा-पणजोबांपर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते. त्यामागे काय होते हे विचारले, तर एखाद्या खेड्याचे नाव आणि दुष्काळाची एखादी आठवण याखेरीज हाती फारसे लागत नाही.

याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचे नाव महसुली दप्तरात येण्याचे प्रयोजन नव्हते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि जुन्या कागदातील एका ओळीचे मोल सर्वांच्या ध्यानी आले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून ज्यांचे पूर्वज ख्रिस्तसभेत आले, त्यांच्यासाठी अशी पहिली ओळ बहुधा महसूल कचेरीत उमटली नाही. ती उमटली स्नानसंस्काराच्या नोंदवहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू निजामाच्या मुलखात आले, घोगरगावात राहिले, आणि त्यांच्या वह्यांतून आपल्या कुळांचा लिखित इतिहास सुरू झाला. त्याआधी जे होते, ते केवळ बोलले गेले.

आता या कोऱ्या पानावर काही लिहिता येईल, असे आश्वासन घेऊन डीएनए चाचणी आली आहे. परदेशी गेलेली आपली मुले लाळेची नळी टपालाने प्रयोगशाळेत पाठवतात आणि काही आठवड्यांनी दूरच्या आप्तांची यादी त्यांच्या हाती पडते. काका-आत्यांनाही लाळ देण्याचा आग्रह होतो. ही रक्ताची साक्ष कितपत ग्राह्य धरावी? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आपल्या शेजारीच, जुन्या गोव्यात, सापडते.

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान इराणचा शहा पहिला अब्बास याच्या कैदेत शिराझ येथे दहा वर्षे होती. धर्मत्याग करण्यास तिने नकार दिला आणि १६२४ च्या सप्टेंबरात तिला हालहाल करून मारण्यात आले. शिराझमध्ये त्या वेळी पोर्तुगीज ऑगस्टीनियन मठवासी होते. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळवले, आणि त्यांतील काही अस्थी १६२७ मध्ये गोव्यास आणून आपल्या ग्रेस मातेच्या मठात ठेवल्या. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची होती आणि तिच्या अस्थी जतन करणारे कॅथोलिक होते, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पुढे पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, आणि उरला तो केवळ मनोरा, जो आजही पर्यटकांना दुरून दिसतो. राणीच्या अस्थी ढिगाऱ्याखाली गेल्या. जॉर्जियाला मात्र तिचा विसर पडला नव्हता. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत अस्थींचे ठिकाण दिलेले होते: मठाच्या सभागृहातील अमुक बाजूची दुसरी खिडकी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी अनेक वर्षे माती उपसली आणि २००४ मध्ये त्या खिडकीच्या परिसरात त्यांना एक हाड मिळाले. त्याच उत्खननात आणखी दोन अवशेष सापडले. तिघांपैकी राणीचा कोणता, आणि मुळात कोणता तरी तिचा आहे काय, हे माती सांगू शकत नव्हती.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. कुमारसामी थंगराज, नीरज राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. पेशीत तंतुकणिका नावाचा एक सूक्ष्म घटक असतो. त्यातील डीएनए आई आपल्या सर्व मुलांना देते, पण पुढे तो केवळ मुलीच देऊ शकतात. म्हणून आई, आजी, पणजी असा अखंड धागा त्यातून मागे जातो. पहिल्या हाडातील धागा ‘यू१बी’ या गटाचा निघाला. भारतातील सुमारे २२ हजार व्यक्तींच्या नमुन्यांत तो कोठेही नव्हता. जॉर्जियातील ३० व्यक्तींपैकी दोघांत तो आढळला. हाड स्त्रीचे होते हेही सिद्ध झाले. उरलेले दोन अवशेष भारतीय उपखंडातील मातृवंशाचे निघाले.

येथे एक शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच शास्त्रज्ञांनी हा अवशेष ‘बहुधा’ राणी केतेवानचा असल्याचे म्हटले आहे. असे का? कारण ताडून पाहण्यासाठी राणीचा ज्ञात आप्त त्यांच्यापाशी नव्हता. तिचा पुत्र राजा तैमुराझ याचे वंशज जरी मिळाले असते, तरी त्यांचा या धाग्याशी संबंध नसता, कारण पुत्र तो पुढे देत नाही. लागली असती ती राणीची मुलगी वा बहीण, तिची मुलगी, तिची मुलगी, अशी चारशे वर्षांची साखळी. डीएनएने एवढेच सांगितले की ही स्त्री या भूमीतील मातृवंशाची नव्हे. ती केतेवान होती हे सांगितले खिडकीची जागा लिहून ठेवणाऱ्या कोणा मठवासीयाच्या लेखणीने. दोन्ही साक्षी जुळल्या म्हणून निकाल लागला. २०२१ च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषाचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

ज्ञात आप्त उपलब्ध असेल तर काय होते, याचे उदाहरण रशियाच्या शेवटच्या झारचे. १९९१ मध्ये उकरलेल्या अस्थींत झारची राणी आहे काय, हे ठरवण्यासाठी इंग्लंडच्या प्रिन्स फिलिप यांचे रक्त घेण्यात आले. त्यांच्या आईची आई ही त्या राणीची सख्खी बहीण होती. धागा जुळला. याहून जिव्हाळ्याची वाटते ती १९८५ ची गोष्ट. घानाहून इंग्लंडमध्ये परतलेला एक मुलगा त्या स्त्रीचा पुत्र नाहीच, असा तेथील अधिकाऱ्यांचा संशय होता. पिता चाचणीस उपलब्ध नव्हता. डॉ. अलेक जेफ्रीस यांनी आई आणि तिची इतर तीन मुले यांच्या रक्तावरून त्या अनुपस्थित पित्याचे चित्र जुळवले आणि मुलगा तिचाच असल्याचे दाखवून दिले. डीएनए ठशांचा प्रत्यक्ष उपयोग झालेले हे जगातील पहिले प्रकरण. आईपासून लेकरू तुटू नये म्हणून भावंडांनी दिलेली ती साक्ष होती.

आपल्या घरांपुरते पाहू गेल्यास या शास्त्राच्या मर्यादा लवकर दिसतात. सख्ख्या चुलत वा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. त्यांच्या मुलांमुलांत तो तीन टक्क्यांच्या आसपास येतो. त्याही पुढच्या पिढीत दहांपैकी एका जोडीत समान असे काहीच आढळत नाही, नाते खरे असूनही. म्हणून कुटुंबातील सर्वांत वृद्ध व्यक्तीची चाचणी मोलाची, नातवाची त्या मानाने कमी. दुसरी अडचण खास आपली आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी. त्याच त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या की दूरचे आप्तही रक्ताने जवळचे भासतात, आणि पाश्चात्य समाज डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले प्रयोगशाळेचे गणित चुकते. तेथे पुन्हा धर्मग्रामाची वहीच कामी येते. सख्ख्या मामेबहिणीशी विवाह करावयाचा तर ख्रिस्तसभेची विशेष सवलत लागते, आणि तिची नोंद विवाहाच्या वहीत होते. विवाह दुसऱ्या गावी झाला तरी त्याची नोंद जेथे स्नानसंस्कार झाला तेथील वहीत करावी लागते. एखादी मुलगी लग्न होऊन कोठे गेली, याचा शोध कित्येकदा याच नोंदीवरून लागतो.

आडनावांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. गायकवाड, साळवे, जाधव ही आडनावे अनेक जातींत आहेत. पित्याकडून पुत्राला जाणारे ‘वाय’ गुणसूत्र तपासले तर एका आडनावाची दोन घरे सर्वस्वी भिन्न निघू शकतात, आणि भिन्न धर्माची दोन घरे एकाच मूळ पुरुषाची. या दुसऱ्या शक्यतेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पणजोबांनी स्नानसंस्कार घेतला, त्यांचे भाऊ गावीच राहिले, त्यांच्या नातवंडांनी कदाचित १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. आपल्या वहीत त्या भावांचे नाव नाही, कारण वहीला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. भावकी तुटली ती कागदावर. रक्त मात्र या विभागणीची दखल घेत नाही.

तोंडी परंपरेलाही या चाचणीने कधी न्याय दिला आहे, तर कधी नाही. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापासून आपला वंश चालला, असे त्यांच्या गुलाम स्त्रीचे, सॅली हेमिंग्जचे, वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि विद्वान ते नाकारत होते. १९९८ मध्ये जेफरसन यांच्या चुलत्याच्या वंशजांचे ‘वाय’ गुणसूत्र सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाशी जुळले. गरिबाच्या घरी सांगितलेली गोष्ट तग धरून राहिली. परंतु त्याच चाचणीत वुडसन नावाच्या दुसऱ्या घराण्याची तशीच जुनी श्रद्धा टिकली नाही.

२०२१ मध्ये गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील ११० रोमन कॅथोलिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्यांचे जनुकीय साम्य गौड सारस्वतांशी आढळले. अभ्यास चांगला आहे. पण तो वाचून काहींना जे समाधान झाले त्याबद्दल आम्हांस साशंकता वाटते. स्नानकुंडापाशी जी जात उतरवून ठेवली असे आपण सांगतो, ती प्रयोगशाळेच्या मागील दाराने परत आणण्यात भूषण कसले? मराठवाड्यातील आपल्या कुटुंबांविषयी तर तो अभ्यास काही सांगतही नाही. कोणीही त्याचा आधार घेऊन घराण्याचे मूळ कोकणात नेऊ नये.

सर्वांत नाजूक गोष्ट अद्याप सांगावयाची आहे. चाचणी एकजण करतो, परंतु साक्ष सर्व आप्तांची नोंदली जाते. २०२३ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोरटे शिरले, आणि नातेवाईक जुळवण्याच्या सोयीमुळे त्यांच्या हाती जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती पडली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे डीएनएविषयीचे २०१९ चे विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

आणि माहिती चोरीस न जाताही घरात वादळ होऊ शकते. दुष्काळात कोणी पोरके मूल उचलून आणले, त्याला आपले नाव दिले, पुढे कोणी वेगळे सांगितले नाही. एखादीने तरुणपणी एक दुःख गिळले आणि मग उभा संसार नेटका केला. ऐंशी वर्षांच्या आजीला नातवाच्या संगणकावरून या गोष्टीचा जाब विचारला जावा काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकाच्या औरसतेविषयी ऊठसूट डीएनए चाचणी करू नये असे स्पष्ट केले. ख्रिस्तसभेचा कायदाही या बाबतीत सावध आहे. अविवाहित मातेचे नाव, तिचे मातृत्व सर्वज्ञात असेल किंवा तिची स्वतःची इच्छा असेल, तरच वहीत येते. पित्याचे नाव पुराव्याविना येत नाही. दत्तक पालकांची नावे मात्र लिहिली जातात. मत्तयाची वंशावळही योसेफापर्यंत येते. त्याचे येशूशी रक्ताचे नाते नव्हते आणि तरीही दावीदाचे कुळ त्याच्याद्वारेच मोजले गेले. त्याच वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांनाही स्थान आहे. लेखकाने कोणाची कहाणी झाकली नाही, कोणाची चव्हाट्यावरही मांडली नाही.

म्हणून ज्यांना हा मार्ग अनुसरावयाचा आहे त्यांना आमचे सांगणे असे. चाचणीपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना तिचा अर्थ समजावून द्यावा, आणि एकाने जरी नको म्हटले तर थांबावे. त्याआधी मूळ धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना लिहून वही पाहण्याची अनुज्ञा मागावी. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात आणि परदेशी धर्मगुरूंनी आपली गावे व नावे कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत, तेव्हा त्या मोठ्याने उच्चारून पाहाव्यात. धर्ममाता आणि धर्मपिता यांची नावे अवश्य उतरवून घ्यावीत. ती पुष्कळदा जवळच्या आप्तांची असतात. आणि आईच्या आईचे, तिच्या आईचे माहेर कोणते, हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. लग्नानंतर नाव आणि गाव दोन्ही बदलत असल्याने तो धागा कागदावर सर्वांत आधी तुटतो.