बेलमचं बीळ

आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहेबद्दल वाचायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाने १८८४ साली तिची नोंद केली. पण नावच बघा. बेलम आलं 'बिलम्'वरून, म्हणजे आपलं बीळ. फूटसाहेबांच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या भोकात डोकावून त्याला नाव दिलं होतं. जैन-बौद्ध भिक्षू तिथे राहत, असंही मानतात.

आपल्या अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने बेसाल्टमध्ये छिन्नीने कोरली. इथे खडक चुनखडीचा आणि कारागीर पाणी. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि भेगांमधला चुनखडक विरघळवत जातं. दगडाचं चक्क सरबत! तीन किलोमीटरहून लांब वाटा अशा तयार झाल्या.

त्यांचा नीट नकाशा झाला थेट १९८२-८३ मध्ये. डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन चमूने केला. तरीही विहिरीसारख्या त्या तोंडांतून आसपासचा कचरा १९८८पर्यंत आत पडत होता. मला नकाशापेक्षा तो उपसणाऱ्यांचं काम मोठं वाटतं. २००२ साली गुहा पर्यटकांसाठी उघडली. आज साधारण दीड किलोमीटर आत जाता येतं, खाली पाताळगंगेपर्यंत. तिथे झरा क्षणभर दिसतो आणि पुन्हा खडकात शिरतो.