गनिसन काउंटीची नाकेबंदी (१९१८–१९१९)

साथीच्या रोगांच्या इतिहासलेखनात ‘क्वारंटीन’ हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. व्हेनिसच्या बोलीतील ‘चाळीस’ या संख्येवरून तो आला. संशयित जहाजाने बंदराबाहेर चाळीस दिवस थांबावे, हा त्याचा मूळ आशय. म्हणजे ज्याच्याविषयी रोगाचा संशय आहे त्याला निरोगी समाजापासून दूर ठेवावयाचे. याच्या उलट दिशेची एक कृती असते : निरोगी समाजाने रोग येण्यापूर्वीच स्वतःभोवती कुंपण घालून घ्यावे. इंग्रजी वैद्यकीय लेखनात तिला ‘प्रोटेक्टिव्ह सीक्वेस्ट्रेशन’ म्हणतात. मराठीत ‘संरक्षक अलिप्तता’ म्हणता येईल. प्लेगच्या दिवसांत दख्खनमधील माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, तो प्रकार या दोहोंहून निराळा. तेथे रोग गावात शिरलेला असे आणि निरोगी माणसे बाहेर पडत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. रोग्याला अलग करावयाचे तर लक्षणे ओळखता आली म्हणजे पुरते. निरोगी समाजाला अलग व्हावयाचे तर आत कोण आणि बाहेर कोण हे आधी ठरवावे लागते.

१९१८ च्या ज्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ हे नाव पडले, त्याच साथीत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या गनिसन काउंटीने हा दुसरा मार्ग पत्करला. काउंटीचे क्षेत्रफळ सव्वातीन हजार चौरस मैलांच्या आसपास. त्यात वस्ती साडेपाच हजारांची, आणि गनिसन या मुख्य नगरात तेराशेच्या जवळपास माणसे. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडील हा मुलूख गुरांची कुरणे आणि कोळशाच्या खाणी यांवर जगणारा. नगर समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून उंच. मार्शल खिंडीतून अरुंदमापी रेल्वे येई. मोटारींचे घाटरस्ते हिवाळ्यात बर्फाने बुजत.

सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस साथ कोलोरॅडोत पोहोचली आणि ऑक्टोबरात राज्यभर सार्वजनिक मेळाव्यांवर बंदी आली. दक्षिणेकडील सॅन वान पर्वतातील सिल्व्हर्टन या खाणगावात थोड्याच आठवड्यांत लोकसंख्येचा सुमारे दहावा भाग मृत्युमुखी पडला. पर्वतातली दूरची वस्ती असणे हे आपोआप संरक्षण नव्हे, हे त्यावरून उघड झाले होते. गनिसनच्या यशाचे श्रेय केवळ भूगोलास देणाऱ्यांनी सिल्व्हर्टनचे उदाहरण डोळ्यांआड करू नये.

काउंटीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एफ. पी. हॅन्सन यांच्या आदेशाने सरहद्दीजवळ मुख्य रस्त्यांवर अडथळे उभारण्यात आले. तेथे कंदील आणि सूचनाफलक लावले होते : मोटारीने काउंटीतून जावयाचे असेल तर कोठेही न थांबता पलीकडे निघून जावे, अन्यथा विलगवास पत्करावा. नेब्रास्काच्या दोन मोटारस्वारांनी अडथळा चुकवून जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांस तुरुंगात टाकण्यात आले. आगगाडीतील उतारूंना कंडक्टर आधीच बजावून सांगे, की गनिसनला जो उतरेल तो धरला जाईल आणि पाच दिवस अलग ठेवला जाईल. पुढे ही मुदत कमी करण्यात आली.

या तपशिलाकडे बारकाईने पाहिले, तर ‘तटबंदी’ हा रूढ झालेला शब्द फसवा वाटू लागतो. तट येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांनाच अडवितो. येथे गाड्या चालू राहिल्या, मोटारी जाऊ शकत होत्या; बंदी होती ती थांबण्यास आणि मिसळण्यास. ही व्यवस्था तटापेक्षा चाळणीच्या जातीची होती, आणि म्हणूनच ती तीन महिने टिकू शकली असावी. शिवाय तिचा नियम स्थलाचा होता, व्यक्तीचा नव्हता. बाहेरून परतणारा गनिसनचा नागरिकही स्टेशनवर उतरला, की परक्याइतकाच संशयास्पद ठरे. नागरिकत्वाचा दाखला दाखवून विलगवास टळत नसे. छोट्या गावात, जेथे प्रत्येक जण दुसऱ्यास नावाने ओळखतो, तेथे हा नियम पाळवून घेणे बाहेरच्या मोटारवाल्यास अडविण्यापेक्षा कितीतरी अवघड असले पाहिजे.

रोगाचे कारण तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. फायफरने वर्णिलेला जिवाणूच इन्फ्लुएन्झाचा कर्ता, असे पुष्कळ वैद्य मानीत. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढण्यात आला तो १९३३ मध्ये. माणसाबरोबर रोग प्रवास करतो, एवढ्या जुन्या अनुभवावर हॅन्सन यांचा आदेश उभा होता, आणि तेवढे पुरेसे ठरले.

राजधानी डेन्व्हरशी तुलना येथे उद्बोधक आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी महायुद्ध संपले. त्याच दिवशी डेन्व्हरने निर्बंध उठविले आणि विजयोत्सवासाठी रस्ते भरून गेले. थोड्याच दिवसांत साथ पुन्हा उसळली व त्याच महिन्यात निर्बंध परत लादावे लागले. नाट्यगृहांच्या मालकांनी त्याविरुद्ध ओरड केली. गनिसनचे अडथळे मात्र शांतता झाली म्हणून हलले नाहीत. ते फेब्रुवारी १९१९ च्या आरंभी काढण्यात आले, आणि तोपर्यंत नगरात साथीने एकही बळी घेतला नव्हता. मार्चमध्ये तिसरी लाट नगरात शिरली. शंभराच्या आसपास माणसे आजारी पडली, पण तो आजार सौम्य होता.

२००६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील हॉवर्ड मार्केल व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील अशा सात ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गनिसनखेरीज त्यांत सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील येर्बा बुएना बेटावरील नौदलाचे तळ, व्हरमाँटमधील फ्लेचर हे खेडे, प्रिन्स्टन विद्यापीठ इत्यादींचा समावेश होता. उपायांचा परिणाम किती आणि विरळ वस्तीचा व निव्वळ दैवाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही, असा सावध इशारा त्यांनी दिला. तो रास्तच आहे. परंतु या ठिकाणांस ‘निसटलेल्या वस्त्या’ असे नाव देण्यात आल्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाचा भाग नकळत झाकला जातो. निसटणे ही घडणारी गोष्ट आहे. गनिसनमध्ये जे झाले ते रात्रंदिवस नाक्यांवर माणसे उभी करून घडविलेले होते.

या इतिहासाला १९१९ नंतर एक शतकाने चमत्कारिक पुरवणी जोडली गेली. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ कोलोरॅडोत आली तेव्हा ती प्रथम बर्फावरील खेळांसाठी जगभरचे प्रवासी जेथे येतात त्या डोंगरी भागांत पसरली, आणि क्रेस्टेड ब्यूट हे तसले गाव गनिसन काउंटीतच आहे. काउंटीची वस्ती आता सतरा हजारांच्या घरात गेली होती. खाणींची जागा पर्यटनाने घेतली होती. इस्पितळ मात्र लहान होते. त्या महिन्याच्या मध्यास राज्याने सूचना काढली, की ईगल, समिट, पिटकिन आणि गनिसन या काउंट्यांत जाऊन आलेल्यांनी इतरांशी संपर्क कमी करावा. १९१८ मध्ये जिने जगाला दूर ठेवले, तिच्याचपासून दूर राहण्यास या वेळी जगाला सांगण्यात आले.

रोग आधीच आत असल्यामुळे १९१८ ची रीत निरुपयोगी होती. काउंटीने दुसरी रेषा आखली : जे येथील रहिवासी नाहीत त्यांनी निघून जावे, त्यांची येथे मालकीची घरे असली तरीही. टेक्ससमधील अनेकांची तेथे अशी घरे होती. एप्रिल २०२० मध्ये टेक्ससच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीने काउंटीस पत्र पाठवून हा आदेश घटनाबाह्य असल्याचा आक्षेप घेतला. तो आदेश पुढे राहिला नाही. परंतु ‘रहिवासी’ कोणास म्हणावे, घर ज्याचे आहे त्यास की वर्षभर तेथे राहतो त्यास, हा प्रश्न हॅन्सन यांच्या नाक्यांवर कधी निघालाच नव्हता. तेथे विचारले जाई ते एवढेच, की येणारा गाडीतून उतरणार आहे की नाही.