क्षयाचे औषध आणि कामगाराचा खाडा

क्षयरोगाचा इतिहास सांगायला वैद्यकातला माणूस हवा. कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याचे येथे काय काम, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. तो रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरताना या रोगाशी इतक्या वेळा गाठ पडली, की तो समजून घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. आणि समजून घेताना असे दिसून आले, की औषधाला दाद न देणारा क्षय ही नुसती जंतूची करामत नव्हे. तो माणसांच्या व्यवहाराचाही परिणाम आहे. त्या व्यवहाराचा हिशेब मांडावा, एवढाच आजचा हेतू.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. शत्रू दिसला, पण त्याला मारण्याचे हत्यार हाती यायला आणखी साठ वर्षे लागली. तोवर मोकळी हवा, चांगले अन्न आणि विश्रांती हाच उपाय. ज्याच्यापाशी पैसा होता तो आरोग्यधामात जाई. ज्याच्यापाशी नव्हता तो चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात खोकत पडे, आणि त्याच खोलीत त्याची मुलेबाळे निजत.

१९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्याची रीतसर परीक्षा घेतली व १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण १०७ होते. ५५ जणांना औषध व विश्रांती मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. जगभर आनंद झाला. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ मृत्यू पावले होते. सहा महिन्यांत दिसलेला लाभ बहुतेक विरून गेला होता.

असे का झाले? रोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांत एखाद्या औषधाला न जुमानणारे काही थोडे जंतू निसर्गतःच आढळतात. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हे उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत मग त्यांचीच प्रजा वाढते. दोन-तीन औषधे एकदम दिली, तर एकाच्या तडाख्यातून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतो. एकेकट्याने मालकासमोर जाऊ नये, हे आम्ही कामगारांना सांगत आलो. औषधांचाही न्याय तोच निघाला. १९५० च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनला पी.ए.एस.ची आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिडची जोड मिळाली, व क्षय बरा होणारा रोग ठरला. मात्र अट एक होती : सर्व औषधे, एकत्र आणि शेवटपर्यंत.

ही अट गरिबांच्या देशात पाळता येईल काय, याचा शोध मद्रासने घेतला. १९५६ साली तेथे क्षय-उपचार केंद्र उघडले. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे गरीब रुग्ण घेतले. निम्म्यांना वर्षभर आरोग्यधामात ठेवले; उरलेल्यांना दाटीच्या वस्तीतल्या त्यांच्याच घरी ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. घरी राहिलेल्यांना अन्न कमी, विश्रांती कमी. तरी गुण जवळजवळ सारखाच आला. घरच्या माणसांनाही त्यामुळे अधिक लागण झाली नाही. डोंगरावरच्या खाटेचे महत्त्व त्या दिवशी संपले.

परंतु या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. घरी ठेवलेल्या रोग्याला तेथे वाऱ्यावर सोडलेले नव्हते. केंद्राची माणसे अवचित घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा घरी उपचार हा स्वस्त भाग उचलला गेला. रोग्याच्या मागे उभे राहणारी माणसे मात्र पुरेशी कधीच नेमली गेली नाहीत.

आणि दोष कोणाला? अडाणी रोग्याला. वस्तुतः बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील बॅनर्जी आणि अँडरसन यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते, की खेड्यांतल्या बहुसंख्य रोग्यांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव असते. निम्म्यांहून अधिक जण सरकारी दवाखान्यात जाऊनही आलेले असतात. तेथे त्यांच्या हाती खोकल्याची बाटली देऊन त्यांना परत पाठवले जाई. रोगी दाराशी आला होता. दार उघडले गेले नाही.

मग तो खाजगी डॉक्टरकडे गेला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या धारावी भागातील १०० डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहून द्यायला सांगितले, तेव्हा ८० निरनिराळ्या पद्धतींची औषधयोजना निघाली. रिफाम्पिसिनसारखे प्रभावी औषध हाती असताना त्याची अशी उधळपट्टी चालली होती. जंतूला शिकवणी याहून चांगली ती कोणती?

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे घोषित केले. आपल्याकडे १९९७ पासून सुधारित कार्यक्रम पसरत गेला व २००६ मध्ये देशभर पोहोचला. आठवड्यातून तीनदा केंद्रावर जायचे आणि सेवकासमोर गोळ्या घ्यायच्या. लाखो जीव या पद्धतीने वाचले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण तिच्यात एक गृहीत होते : रोग्याला येण्यास सवड आहे.

येथे आम्हांला स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. मुंबईनजीकच्या एका कारखान्यात आमचा एक कंत्राटी कामगार होता. २००९ च्या सुमारास त्याला क्षय झाल्याचे निघाले. पहिली पाळी सातला; औषधाचे केंद्र उघडे नऊला. त्याने आम्हांला विचारले, "भाऊ, कंत्राटदाराला सांगू का?" आम्ही म्हणालो, "आत्ताच नको. आधी कायम तर होऊ दे." त्याने सांगितले नाही. दोन महिन्यांत ताप गेला, वजन भरले. खाड्याचे पैसे कापले जात आणि तीन खाडे झाले की नाव कटे. म्हणून त्याने केंद्रावर जाणे सोडले. वर्षाने रोग उलटला तो औषधांना दाद न देणारा होऊन. मग दोन वर्षांचा उपचार, रोजची सुई, आणि त्या सुईने कानाला आलेला बहिरेपणा. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात क्षयासारख्या लांबलेल्या आजारासाठी वेतनाच्या भागाची तरतूद होती. पण कंत्राटदाराने त्याचे नावच नोंदवले नव्हते. उपचार पुरा होण्याआधीच तो गेला. त्या वर्षीचे आमचे मागणीपत्रक आम्ही नंतर काढून पाहिले. बोनस होता, गणवेश होता, उपाहारगृह होते. क्षयावर एक ओळही नव्हती.

असे रोगी हजारोंनी होते. २०१२ च्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षी प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला देणे सक्तीचे झाले. २०१७ पासून आठवड्यातून तीनदाऐवजी रोज औषध सुरू झाले. बेडाक्विलिन हे नवे औषध आले. त्यावरील कंपनीची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवू पाहणारा पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्या दोघी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, क्षयाच्या औषधांनी स्वतःचे ऐकणे गमावून बसलेल्या होत्या. सुईवाचून सहा महिन्यांत होणाऱ्या उपचारालाही सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली.

म्हणजे शास्त्र आपले काम करीत आहे. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचा देशाचा संकल्प मात्र सिद्धीस गेला नाही. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरोगी आजही भारतात आहेत. झारखंडमधील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रोग्याच्या घरच्यांना पुरेसे धान्य-डाळ दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. भाकरीही औषधच, हे आमच्या आया जाणत होत्या. आता ते आकड्यांनी सिद्ध झाले.

त्या कामगारानंतर आमच्या प्रत्येक मागणीपत्रकात एक कलम असते : क्षय झालेल्यास काढू नये, आणि औषधासाठी गेलेला वेळ खाडा धरू नये. काही ठिकाणी ते मान्य झाले. पुष्कळ ठिकाणी अजून नाही. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची दुकाने आहेत, छापखाने आहेत, घरी कामाला बायका येतात. त्यांतले कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर त्याला थुंकी तपासायला पाठवावे. रोग निघाला, तर औषध संपेपर्यंत त्याचे काम राखावे. आणि तपासणीला गेला त्या दिवसाचा पगार, कृपा करून, कापू नये.